टोबायसबाबा ‘नाही’ म्हणाले

या, असे जवळ येऊन बसा. दार लोटून घ्या, माळावरचा वारा आज फार चावतोय. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे एकमेकांना बंधू म्हणतात; त्यांत वडीलधारे उपदेशक होते बंधू योस्ट, ते प्रवचन सांगत नसत, गात असत. साधं बोलता बोलता त्यांचा सूर चढायचा, शेवटचा शब्द लांबत जायचा, आणि बाकांवरची दणकट शेतकरी माणसं उभ्या गव्हासारखी डुलायला लागायची. तसा गळा देवाने मला दिला नाही. पण आज सांगणार आहे ती गोष्ट त्यांनी गावी अशीच आहे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातून बैलगाडी हाकत टोबायस वेंगर्ड आयोवाच्या या माळावर कसे आले, गवताच्या मुळ्यांत त्यांचे नांगर कसे मोडले, ते तुम्ही ऐकलंय. आजची गोष्ट त्यांच्या म्हातारपणची आहे, आणि सुखाची आहे. निर्धास्त ऐका.

त्या वर्षीचं प्रीतिभोजन, म्हणजे एकमेकांचे पाय धुऊन मंडळीने एकत्र घ्यायचं पवित्र जेवण, वेंगर्डांच्या मोठ्या कोठारात ठरलं होतं. भोजनाआधी दोन सेवक घरोघर जातात ही आमच्या मंडळीची जुनी रीत. ते प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतात. विश्वासात टिकून आहात ना? मंडळीशी आणि आपल्या माणसांशी शांततेत आहात ना? पुढेही याच वाटेने चालणार ना? तीनदा ‘हो’ म्हणायचं, सेवकांना काही खायला घालायचं, आणि त्यांनी पुढच्या घरी जायचं. कुणी ‘नाही’ म्हणालंच, तर ते मिटेपर्यंत भोजन होत नाही. पण असं कुणी म्हणत नसे.

गुरुवारी दुपारी बंधू नाइसली आणि बंधू बर्की टोबायसबाबांच्या स्वयंपाकघरात बसले होते. बोलायचं काम नाइसलींचं, खायचं बर्कींचं. फ्रोनीआईंनी सफरचंदाचा केक कापून पुढे ठेवला होता.

“बाबा, आता दुसरा प्रश्न,” नाइसली म्हणाले. “शांततेत आहात ना?”

“नाही.”

“छान. मग तिसरा...”

“मी नाही म्हणालो, नाइसली.”

बर्कींचा घास गालातच थांबला.

“नाही म्हणजे?” नाइसलींनी हॅट एका गुडघ्यावरून काढून दुसऱ्यावर ठेवली. “मंडळीत कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“मंडळीचं नाही. माझ्या दोन पोरांच्या शेतांमध्ये सैतानाची गल्ली आहे. रोज सकाळी ओसरीवरून मी ती बघतो. आणि दर वर्षी तुम्ही आलात की म्हणतो, हो, सगळं शांत आहे. यंदा नाही म्हणणार.”

“पण बाबा, भोजन पुढच्या शनिवारी! नदीपलीकडच्या मंडळ्यांना निरोप गेलेत. बायकांनी पीठ दळून आणलंय. गोऱ्हा ठरलाय कापायला!”

“गोऱ्ह्याला आनंदच होईल.”

नाइसलींनी फ्रोनीआईंकडे पाहिलं. म्हातारा अडला की म्हातारीकडे बघायचं, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी फ्रोनीआई ताटलीत सांडलेला चुरा सुरीने गोळा करत होत्या. “आणखी एक तुकडा घ्या, बंधू बर्की,” त्या म्हणाल्या. “आज तुम्हाला बरंच बोलावं लागणार दिसतंय.”

आता ही गल्ली. टोबायसबाबांनी जमीन वाटली तेव्हा थोरल्या एफ्राइमला ओढ्याच्या वरची दिली, धाकट्या गिडियनला खालची. मधलं कुंपण दोघांनी अर्धं अर्धं सांभाळायचं, हा सगळीकडचा नियम. पण ओढ्याकडचं अर्धं दर वसंतात पुरात वाहून जायचं. ते कुणाचं अर्धं, हे बाबांनी सांगितलं नव्हतं. एफ्राइम म्हणाला, मी थोरला, मी आधी निवडणार. गिडियन म्हणाला, तू थोरला, तर जड काम तुझं. शब्दाला शब्द वाढला. मग एफ्राइमने आपल्या हद्दीच्या आत ओसेजच्या काटेरी झाडांचं स्वतंत्र कुंपण लावलं. ते पाहून गिडियननेही आपल्या हद्दीच्या आत दुसरं लावलं. मध्ये गाडीभर रुंदीची पट्टी उरली, ती ना याची ना त्याची. ओसेज म्हणजे हट्टी झाड. बघता बघता दोन्ही कुंपणं डोक्यावर गेली, काटे बोटाएवढे झाले. आत काय आहे ते बाहेरून ससाही सांगू शकला नसता. दोघे भाऊ मंडळीत भेटत, अभिवादनाचं पवित्र चुंबनही देत, पण गालाला गाल लागेल न लागेल इतपत. बोलणं पावसापाण्याचं.

नाइसलींची गाडी सगळ्यात आधी गिडियनच्या दारात थांबली. त्याची बायको सलोमी कपडे वाळत घालत होती. बातमी ऐकली आणि तिच्या हातातली ओली चादर तशीच गवतावर पडली.

गाडी वळली तशी सलोमी ओढ्याच्या दिशेने निघाली. चालता चालता पळायला लागली. ओढ्याच्या काठी वाळुंजाच्या जिवंत खुंट्यांची एक ओळ होती, त्यातल्या दोन खुंट्यांमधून अंग चोरून आत जाता येई. ती आत शिरली आणि कुजबुजल्यासारखी ओरडली, “कॅसिया वहिनी! अहो कॅसिया वहिनी!”

एफ्राइमची बायको कॅसिया कोबीच्या वाफ्यात आधीच वाकलेली होती.

हो, कोबीच. त्या दोन काटेरी भिंतींच्या मध्ये, सैतानाच्या गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोबीचे गड्डे बसलेले होते, एकेक घागरीएवढा. वारा नाही, गुरं नाहीत, डुकरं नाहीत. आणि नवरे तर त्या बाजूला फिरकतही नव्हते. कुंपणाच्या मागे डोकावलं तर आपल्याला त्या पट्टीची हाव आहे असं दुसऱ्याला वाटेल, ही दोघांनाही धास्ती. तिथे त्या दोघी जावा रोज भेटत. मुलांची आजारपणं, अंगावरचं दूध, नवऱ्यांच्या खोड्या, सगळं त्या वाफ्यांमध्ये बोलून झालं होतं.

“कळलं मला,” कॅसिया म्हणाली. ती उंच, सावकाश बोलणारी. “बर्की आमच्याकडे येऊन गेले. नाइसली तुमच्याकडे, बर्की आमच्याकडे. गडी इतका घाबरलाय, काही खाल्लंसुद्धा नाही त्याने.”

“आता काय करायचं? गिडियन म्हणणार, दादाने कुंपण काढावं, मग मी काढतो.”

“आणि हे म्हणणार, धाकट्याने आधी.”

“कुंपण निघालं तर हे सगळं दिसणार, वहिनी.”

कॅसिया मातीचे हात झटकत उभी राहिली. सलोमीच्या मनात त्या क्षणी जे आलं, ते तिने मला म्हातारपणी सांगितलं. तिला वाटलं, कुंपण राहू दे. भोजन नको होऊ दे. देवा, मला क्षमा कर, पण ही गल्ली गेली तर माझी मैत्रीण मला अशी कुठे भेटणार?

“बाबांना माहीत आहे का?” तिने विचारलं.

“बाबांना नाही. आईंना आहे. रोपं कुणी दिली होती, विसरलीस?”

रविवारी उपासनेनंतर टोबायसबाबांनी दोन्ही मुलांना जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, दोघांच्या घोड्यांचे लगाम स्वतः धरून आपल्या दाराकडे वळवले. मुलंबाळं नाइसलींच्या घरी पाठवली होती. टेबलाशी सहाच माणसं. बटाटे, डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा, आणि मधोमध आंबवलेल्या कोबीचं वाडगं.



आधी एफ्राइमच बोलला. तो वडिलांसारखाच रुंद हाडाचा, आणि वडिलांसारखंच त्याला रागावलं की आधी कान लाल होत. “बाबा, मंडळीसमोर तुम्ही आमची मान खाली घातलीत. माझं कुणाशी भांडण नाही. माझं कुंपण माझ्या जमिनीत आहे.”

“माझंही माझ्या जमिनीत आहे,” गिडियन म्हणाला.

“तेच तर,” बाबा म्हणाले.

“मग भांडण कुठे आहे?”

“मध्ये आहे.”

गिडियनने खुर्ची मागे ढकलली. “काढतो मी. आज काढतो. पण आधी दादाने कबूल करावं की ओढ्याकडचं अर्धं त्याचं.”

“तुझं!” एफ्राइम म्हणाला. “डुकरं कुणाची घुसली होती मक्यात?”

“एक डुक्कर! एकच! आणि ते आजारी होतं!”

“आजारी? दोन ओळी खाल्ल्या त्याने. मी तर म्हणतो, त्या दिवशीच बरं झालं ते.”

सलोमीला हसू फुटलं, ते तिने पाण्याच्या घोटात बुडवलं. कॅसियाने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला.

टोबायसबाबांनी हातातला काटा खाली ठेवला. “ऐका आता,” ते म्हणाले, आणि दोघेही गप्प झाले, कारण तो आवाज त्यांनी लहानपणानंतर ऐकला नव्हता. “माझे वडील आणि माझे काका एका बांधावरून भांडले. डोंगरात, जुन्या घरी. मी तेव्हा बारका होतो. पुढे दोघांचं एकमेकांशी बोलणं झालं नाही. सेवक यायचे, विचारायचे, वडील म्हणायचे, शांतता आहे. वडील गेले तेव्हा काका आले. पण फाटकाच्या आत नाही आले. शवपेटी बाहेर निघाली, तेव्हा हॅट हातात धरून रस्त्यावर उभे होते. पावसात. मी त्यांना आत या म्हणालो नाही. मला वाटलं, ते थोरल्यांचं काम आहे.” त्यांनी टेबलावरून हात फिरवला, जणू काही पुसून काढत होते. “तिथून मी सगळं सोडून इथे आलो. माती नवी, नांगर नवा. आणि ते भांडण गाडीत घालून मीच आणलं असणार. नाहीतर इथे कसं उगवलं? माझी पेटी निघेल तेव्हा तुमच्यापैकी एक जण फाटकाबाहेर उभा राहणार असेल, तर मला आजच सांगा. म्हणजे मी मरायची घाई करणार नाही.”

  एफ्राइमने नजर चुकवत कोबीचं वाडगं ओढून घेतलं.

“आई, ही कोबी कॅसियाच्या हातची ना? लगेच कळतं. आमच्या मळ्यातल्या कोबीला निराळीच गोडी.”

“कॅसिया वहिनींची?” गिडियन म्हणाला. “दादा, ही सलोमीची आहे. गेल्या हिवाळ्यात अख्खं पिंप खाल्लंय मी हे. डोळे मिटून ओळखतो.”

“तुझ्या वाफ्यात कोबी होते कुठे? मी तुझा मळा बघतो की रस्त्यावरून. कांदेच कांदे.”

“आणि तुझ्यात बीट!”

दोघे थांबले. दोघांनीही आपापल्या बायकोकडे पाहिलं. सलोमी ताटात बघत होती. कॅसिया खिडकीबाहेर.

“आता सांगून टाका गं,” फ्रोनीआई म्हणाल्या. “एवढे कोबी लपवणं आता माझ्याच्याने होत नाही.”

मग कॅसियाने तिच्या सावकाश पद्धतीने सगळं सांगितलं. रोपं, वाफे, वाळुंजाच्या खुंट्या, दोघींनी वाटून भरलेली पिंपं. एफ्राइमचे कान लाल झाले, मग पांढरे.

“म्हणजे इतकी वर्षं,” तो गिडियनला म्हणाला, “या दोघी आपल्या पाठीमागे...”

“आणि मी नाइसलींना सांगत होतो की दादाच्या घरच्या कोबीला चव नाही!”

“तू नाइसलींना? मी बर्कींना सांगत होतो तुझ्याबद्दल!”

“आईनेसुद्धा! दादा, आईनेसुद्धा!”

रागाच्या भरात दोघे एकाच बाजूला येऊन बसले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. टोबायसबाबांनी फ्रोनीआईंकडे पाहिलं. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात आपल्या बायकोने आपल्यापासून काही लपवलं असेल हे त्यांना पटत नव्हतं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. म्हातारा हसत होता.

“हसू नका बाबा,” गिडियन चिडून म्हणाला. “चल दादा, बघूनच येऊ.”

दोघे ओढ्याच्या बाजूने गेले. गिडियन पुढे, कारण वाट त्याच्या जमिनीतून. आत शिरल्यावर तो जागीच उभा राहिला. त्याने मनात त्या पट्टीचं जे चित्र धरलं होतं त्यात साप होते, भावाची हेकट हद्द होती. इथे हिरवे-निळे गड्डे ओळीने बसले होते, पानांवर पाण्याचे थेंब. दोन उलट्या बादल्या होत्या, शेजारी शेजारी, बसायला. त्या बादल्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला. आपली बायको इथे रोज येऊन हसत असेल, आणि घरी आपण तिला पावसापाण्याचं सांगत असू, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

एफ्राइम ओढ्याकडच्या टोकाला वाकला होता. “गिडियन, इकडे ये. हे बघ.” वाळुंजाच्या खुंट्या. ओल्या काठात नुसत्या खोचलेल्या, आणि सगळ्यांना पालवी. खाली मुळ्यांचं जाळं. “वसंतातला पूर इथून गेलाय. हललंसुद्धा नाही. आपण ओक फाडून खांब रोवत होतो, दर वर्षी वाहून जात होते.”

“याच अर्ध्यावरून भांडलो ना आपण?”

“याच.”

गिडियनने एक खुंटी हलवून पाहिली. हलेना. “दादा,” तो म्हणाला, “ते डुक्कर आजारी नव्हतं.”

“मला माहीत आहे रे.”

ओसेज मुळासकट काढायचं तर सगळा हिवाळा गेला असता. म्हणून सोमवारी दोघांनी कुऱ्हाडी घेतल्या आणि दोन्ही कुंपणांना समोरासमोर एक खिंडार पाडलं, भरली गाडी जाईल एवढं. दोघांचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले. खिंडाराच्या वरचं कुंपण एफ्राइमने सांभाळायचं, खालचं गिडियनने, ओढ्याचं टोक बायकांचं, कारण ते त्यांनाच जमतं, असं ठरलं. वाफ्यांना कुणी हात लावायचा नाही, असं कॅसियाने ठरवलं. तिच्या हातात तेव्हा कोयता होता.

नाइसली धावतपळत आले. टोबायसबाबा खिंडारात एका ओंडक्यावर बसले होते.

“विचारा पुन्हा,” बाबा म्हणाले.

“शांततेत आहात ना?”

बाबांनी आत पाहिलं. दोघे भाऊ एका फांदीवरून तावातावाने बोलत होते, ती कुणी आधी तोडायला हवी होती यावरून.

“होतेय,” बाबा म्हणाले.

“बाबा, ‘होतेय’ हे उत्तर रीतीत बसत नाही. हो किंवा नाही.”

“मग हो. पण सभेत सांगा, टोबायस हो म्हणाला तेव्हा दोन्ही पोरं भांडत होती.”

शनिवारी कोठार भरलं. नदीपलीकडून गाड्या आल्या, बायकांच्या पांढऱ्या टोप्यांच्या रांगा बसल्या, गोऱ्ह्याच्या रश्शाचा वास गवताच्या वासात मिसळला. कोबी सकाळपासूनच वाढली जात होती. वडील बंधू योस्ट दोन दोन ओळी सांगत होते आणि सगळं कोठार त्या ओळी संथ ओढून गात होतं. छपराखालची कबुतरंसुद्धा गप्प बसली होती. मी माणसांच्या तोंडून पुष्कळ गाणं ऐकलं आहे. पण कष्टाने जड झालेले आवाज जेव्हा एकमेकांची वाट बघत एका शब्दावर येऊन थांबतात, तेव्हा देव कुठे असतो हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

मग पाय धुण्याची वेळ आली. आमच्या मंडळीत पाय धुतात ते जोडीने. एक जण बाकाच्या कडेने वाकून धूत जातो, दुसरा कमरेला लांब पंचा बांधून त्याच्या मागोमाग पुसत जातो. एकाने सोडलेला ओला पाय दुसऱ्याने हातात घ्यायचा. कोण उठणार, हे आधी ठरवत नाहीत. ज्याला आतून वाटेल तो उठतो.

पहिल्या बाकासाठी एफ्राइम उठला. त्याने कोट काढला, बाह्या सारल्या. हातांवर काट्यांचे ओरखडे तसेच होते. त्याने घंगाळं उचललं आणि उभा राहिला. पंचा खुंटीवर लोंबत होता. योस्टांनी ओळ सांगायची थांबवली नाही, पण जरा सावकाश केली.

बायकांच्या बाजूने सलोमी बघत होती. तिने कॅसियाचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

गिडियन उठला. पंचा काढून त्याने कमरेला बांधला. गाठ उलटी बसली, सोडून पुन्हा बांधली. आणि थोरल्या भावाच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसला.

बाकावर आधी बर्की होते, मग नाइसली, मग नदीपलीकडचा एक म्हातारा बंधू, मग टोबायसबाबा. दोघे सरकत सरकत बाबांपाशी आले. नांगराच्या मागे आयुष्यभर चाललेली ती पावलं, टाचा सुकलेल्या चिखलासारख्या भेगाळलेल्या, एका अंगठ्याला नख नाही. एफ्राइमने उजवं पाऊल पाण्यात घेतलं, दोन्ही हातांनी चोळलं, आणि मागे न बघता पुढे केलं. गिडियनने ते मांडीवर घेतलं.

“बोटांमधलं नीट पूस,” एफ्राइम पुटपुटला. “त्यांना गारवा सोसत नाही.”

“तू नीट धू. माती तशीच आहे.”

“ती माती नाही, त्यांची कातडी आहे.”

“पोरांनो,” टोबायसबाबा वरून म्हणाले, “पायाचे दोन भाग करू नका. एकच आहे.”

आसपासच्या बाकांवर हसू पसरलं, आणि त्या हसण्यातच पुढची ओळ आली. बाबांना ती गाता आली नाही. त्यांचे नुसते ओठ हलत होते. दोन पावलं दोन मुलांच्या हातांत होती, आणि ते नुसते बघत होते, एकदा या डोक्याकडे, एकदा त्या डोक्याकडे, पेरणी झालेल्या शेताकडे बघावं तसे.

टोबायसबाबांनी त्यानंतर बरीच वर्षं काढली, खाऊन पिऊन, नातवंडांवर ओरडून. ते गेले तेव्हा पेटीला पुढून एफ्राइम होता आणि मागून गिडियन. फाटकाबाहेर उभं राहणारं कुणी नव्हतं.

आज झोपण्याआधी तुम्ही ज्यांची ज्यांची नावं देवासमोर घ्याल, त्यांत हे एक नाव घ्या. टोबायस वेंगर्ड. सगळे ‘हो’ म्हणत होते त्या ठिकाणी ते ‘नाही’ म्हणाले, कारण त्यांना खरं ‘हो’ म्हणायचं होतं. त्यांची आठवण ठेवा.